पाऊस नाही, तरी रेनकोट हवा!
रेडवुडच्या अरण्यातील तीन दिवसांच्या पदभ्रमणाची तयारी

जुलै महिन्यातील सकाळ आहे. गेल्या महिन्याभरात पाऊस असा पडलेलाच नाही. आजही पाऊस नाही, फक्त दाट धुके आहे. जंगलाबाहेरच्या मोकळ्या गवताळ माळावर उभे राहिलात तर कपडे फार तर दमट होतील. पण पन्नास पावले चालून तुम्ही झाडांखाली शिरता आणि टप् टप् असा आवाज ऐकू येऊ लागतो. मानेवर एक थेंब पडतो, मग दुसरा. पायवाट ओली, नेचे ओले, दगडांवरचे शेवाळ ओले. बाहेर कोरडे आणि झाडाखाली पाऊस! आपल्याकडे पावसापासून बचाव करण्यासाठी माणसे झाडाखाली उभी राहतात. इथे मात्र भिजायचे असेल तर झाडाखाली जावे!

हे दृश्य आहे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे, कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागातील रेडवुड वृक्षांच्या अरण्यातले. समजा, या अरण्यात आपल्याला तीन दिवसांची पायी सहल काढायची आहे. पाठीवर सॅक, तिच्यातच घर आणि स्वयंपाकघर. मग प्रश्न सुरू होतात. कोणत्या महिन्यात जायचे? सॅकमध्ये काय घ्यायचे आणि काय वगळायचे? तंबू कोठे ठोकायचा? रेनकोट घ्यायचा की नाही?

या प्रश्नांची उत्तरे दुकानात मिळणाऱ्या छापील यादीत सापडत नाहीत. ती त्या अरण्याच्या स्वभावात असतात. आणि उत्तर चुकले तर त्याची किंमत कधी आपल्याला मोजावी लागते, तर कधी हजार-दोन हजार वर्षांच्या झाडाला. म्हणून आज आपण सॅक भरता भरता हे अरण्य समजून घेऊ.

कोठे जायचे?

किनारी रेडवुडचे शास्त्रीय नाव सेक्वोया सेम्परव्हायरन्स. हा सूचिपर्णी वृक्ष आहे. निसर्गतः तो जगाच्या पाठीवर एकाच चिंचोळ्या पट्ट्यात वाढतो. ऑरेगॉन राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून दक्षिणेकडे कॅलिफोर्नियातील बिग सर या भागापर्यंत हा पट्टा सुमारे ७२० किलोमीटर लांब आहे. रुंदी मात्र काही ठिकाणी दहा किलोमीटरही नाही. समुद्रापासून फार दूर हा वृक्ष जात नाही. का, ते पुढे पाहू.

आज ज्ञात असलेला जगातील सर्वांत उंच वृक्ष याच जातीचा आहे. त्याला 'हायपेरियन' असे नाव दिले आहे. २००६ साली तो सापडला आणि त्याची उंची ११५ मीटरांहून थोडी अधिक भरली. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर सुमारे ८५ मीटर उंच आहे. त्याच्या कळसावर आणखी एखादी आठ-नऊ मजली इमारत ठेवली, तर हायपेरियनच्या शेंड्याशी बरोबरी होईल!

आपल्या सहलीसाठी आपण रेडवुड नॅशनल पार्कमधील रेडवुड क्रीक या ओढ्याकाठची वाट निवडू. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सुमारे ५०० किलोमीटरवर ऑरिक नावाचे लहानसे गाव आहे. त्याच्याजवळून ही वाट निघते आणि ओढ्याच्या काठाने सुमारे १३ किलोमीटरवरील 'टॉल ट्रीज ग्रोव्ह' म्हणजे उंच वृक्षांच्या राईपाशी पोहोचते. चढउतार फारसे नाहीत. पहिल्या दिवशी दहा-बारा किलोमीटर चालून मुक्काम, दुसऱ्या दिवशी सॅक तळावर ठेवून राई पाहणे आणि तिसऱ्या दिवशी परत, असा साधा बेत आहे. मुक्कामासाठी उद्यानाचा परवाना आधी काढावा लागतो. शिवाय वाट आणि तळ त्या आठवड्यात उघडे आहेत ना, याची चौकशी निघण्यापूर्वी करावीच लागते. ती का, हेही पुढे दिसेल.

केव्हा जायचे?

आपला पावसाळा जून ते सप्टेंबर. तेथे नेमके उलट आहे. उद्यानाच्या परिसरात वर्षाकाठी सुमारे १५० ते २०० सेंटिमीटर पाऊस पडतो, पण त्यातील बहुतेक ऑक्टोबर ते एप्रिल या काळात. उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो.

आपल्या वाटेवर रेडवुड क्रीक दोनदा ओलांडावा लागतो. उन्हाळ्यात तेथे तात्पुरते लाकडी पूल बसवतात आणि पावसाळ्यापूर्वी काढून घेतात. पूल नसताना ओढ्यात उतरणे हे धाडस नव्हे, अविचार आहे. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे पाण्याचा वेग दुप्पट झाला की पायावरचा रेटा चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. काल घोट्याशी खेळणारे पाणी आज पावसानंतर माणसाला उचलून नेऊ शकते, ते यामुळेच. आपले गिरिभ्रमण करणारे पावसाळी ओढ्यांचा हा स्वभाव चांगला ओळखतात. तेव्हा पूल उभे असतील असाच काळ निवडायचा, म्हणजे ऐन उन्हाळा.

पण उन्हाळा कोरडा असेल, तर एवढ्या प्रचंड झाडांना पाणी मिळते कोठून?

न पडणारा पाऊस

याचे उत्तर समुद्रात आहे. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत वायव्येकडून वारे वाहतात. वाऱ्याचा रेटा आणि पृथ्वीचे परिवलन यांच्या संयुक्त परिणामाने समुद्राचे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते. त्याची जागा घ्यायला खालचे थंडगार पाणी वर येते. पॅसिफिक महासागरावरून येणारी दमट हवा या थंड पाण्यावरून जाताना गार होते, तिच्यातील वाफेचे अतिसूक्ष्म थेंब बनतात आणि धुके तयार होते. दुपारी आतला प्रदेश तापतो, तेथील हवा वर जाते आणि तिच्या जागी हे धुके नद्या-ओढ्यांच्या खोऱ्यांतून आत ओढले जाते.

धुक्याचे थेंब इतके हलके असतात की ते खाली पडत नाहीत, वाऱ्याबरोबर तरंगत जातात. पण वाटेत रेडवुडची लक्षावधी बारीक पाने उभी असतात. थेंब पानांना चिकटतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि खाली ठिबकतात. झाडाखालचा पाऊस तो हाच. टॉड डॉसन या शास्त्रज्ञाने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, अशा जंगलाला वर्षभरात मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ तिसरा हिस्सा धुक्याच्या ठिबकण्यातून येतो. एवढेच नव्हे, तर रेडवुडची पाने धुक्याचे थोडे पाणी थेट शोषूनही घेतात. जिथवर धुके पोहोचते तिथवर हा वृक्ष आढळतो, यात मग नवल ते काय?

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मानाने या किनाऱ्यावरील उन्हाळी धुके सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाल्याचा निष्कर्ष निघाला. या झाडांच्या भवितव्याची काळजी करणारे शास्त्रज्ञ आता पावसाइतकेच धुक्याकडेही लक्ष देऊन असतात.

आता आपल्या सॅककडे वळू. रेनकोट घ्यायचा हे ठरले. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आतले कपडे. या किनाऱ्यावर ऐन उन्हाळ्यातही तापमान बहुधा १६ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखालीच राहते आणि रात्री बरेच उतरते. सुती कापड पाणी धरून ठेवते, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. ओल्या सुती सदऱ्यात वाऱ्याला बसलेल्या मुलाचे अंग झपाट्याने गार पडते. शरीराच्या आतील तापमान ३५ अंशांखाली गेले की थरथर, अडखळते बोलणे, गोंधळलेले विचार अशी लक्षणे दिसू लागतात. बर्फ नसतानाही माणूस थंडीने दगावू शकतो! म्हणून सुती कपडे घरी ठेवा. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे घ्या आणि झोपण्याच्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पूर्ण कोरडा ठेवा. तो काहीही झाले तरी दिवसा घालायचा नाही.

सॅकचे गणित

सॅकचे वजन स्वतःच्या वजनाच्या एक-पंचमांशाहून अधिक नसावे, असा एक सोपा नियम विद्यार्थ्यांनी पाळावा. पन्नास किलो वजनाच्या मुलाने किंवा मुलीने दहा किलोंवर जाऊ नये. आता हिशेब करून पाहा. रिकामी सॅक दीड किलो, तंबूचा आपला वाटा सव्वा किलो, स्लीपिंग बॅग सव्वा किलो, अंथरायची चटई अर्धा किलो, जादा कपडे एक किलो, स्टोव्ह आणि भांड्यांचा वाटा अर्धा किलो, अन्नाच्या डब्याचा वाटा अर्धा किलो, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. विजेरी, नकाशा, होकायंत्र, शिटी, औषधे मिळून सातशे ग्रॅम. बेरीज झाली आठ किलो दोनशे ग्रॅम. अन्नासाठी उरले अठराशे ग्रॅम, म्हणजे रोजचे सहाशे.

सहाशे ग्रॅममध्ये दिवस भागेल का? एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारे ९. कोरडे अन्न घेतले आणि त्यात शेंगदाणे, सुकामेवा असे तेलयुक्त पदार्थ ठेवले तर ग्रॅममागे सरासरी साडेचार किलोकॅलरी पडतात. म्हणजे रोज २७०० किलोकॅलरी. सपाट वाटेवर दहा-बारा किलोमीटर चालायला एवढे पुरते. पण ताजी फळे किंवा डबाबंद रस्सा घेतला तर त्यात बरेचसे वजन पाण्याचेच असते. पाणी पाठीवरून नेण्यात अर्थ नाही, ते वाटेत आहेच.

मात्र ओढ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी तसेच पिऊ नये. त्यात जिआर्डियासारखे डोळ्यांना न दिसणारे परजीवी असू शकतात. पाणी खळखळून एक मिनिट उकळावे किंवा योग्य गाळणी वापरावी.

वेळेचेही गणित हवे. १८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक नियम सांगितला. दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास, असा तो नियम ढोबळमानाने आपण वापरू शकतो. १३ किलोमीटरला यानुसार दोन तास छत्तीस मिनिटे होतात. पण पाठीवर ओझे, गटात नवशिके आणि पाहण्यासारखे पुष्कळ! तेव्हा हा आकडा दुप्पट धरावा. सकाळी नऊला निघालात तर दुपारी अडीचपर्यंत मुक्कामी पोहोचाल. या उंच झाडांखाली संध्याकाळ घड्याळाच्या आधी येते, हे लक्षात ठेवा. मोबाइल फोन तेथे बहुतेक ठिकाणी चालत नाही. म्हणून कोणत्या वाटेने जाणार आणि केव्हा परतणार, याची लेखी नोंद घरच्यांकडे ठेवून निघावे.

वाटेच्या कडेला तीन-तीन पानांचे गुच्छ असलेले झुडूप दिसेल. त्याला 'पॉयझन ओक' म्हणतात. त्याला हात लावू नका. त्याच्या चिकाने अंगावर खाज सुटून फोड येतात. कोकण-गोव्यातील वाचकांना हे ओळखीचे वाटेल, कारण काजू आणि बिब्बा ही याच वनस्पतिकुलातील भावंडे आहेत. काजूच्या टरफलातील चीक लागल्यावर जे होते, तेच येथे होते. लांब बाह्यांचा सदरा आणि साबणाची वडी हा त्यावरचा साधा उपाय आहे.

शंभर मीटर उंच पाणी चढते कसे?

दुसऱ्या दिवशी सॅक तळावर ठेवून आपण राईत जाऊ. तेथे मान मागे टाकून शेंडा शोधण्याचा प्रयत्न करा. तो बहुधा दिसणारच नाही! पण एक प्रश्न नक्की पडेल. मुळांनी शोषलेले पाणी तेथवर पोहोचते कसे?

विहिरीवरचा हवेच्या दाबावर चालणारा शोषक पंप पाणी सुमारे दहा मीटरांपलीकडे वर खेचू शकत नाही. रेडवुड ते शंभर मीटरांवर नेतो, आणि त्याच्याजवळ ना इंजिन ना हृदय. रहस्य आहे पानांत आणि पाण्याच्या गुणधर्मात. सूर्याच्या उष्णतेने पानांतील पाण्याची वाफ होऊन ती बाहेर पडते. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्याने, वरचा रेणू गेला की तो खालच्या रेणूला ओढतो. पानापासून मुळापर्यंत खोडाच्या सूक्ष्म नलिकांतून पाण्याचा हा अखंड दोर ताणलेला असतो. दर दहा मीटरला सुमारे एका वातावरणाइतका ताण वाढतो. म्हणजे ११५ मीटरांवर केवळ पाण्याच्या वजनामुळेच साडेअकरा वातावरणांइतका ताण होतो. नलिकांतील घर्षणाचा ताण वेगळाच.

ताण फार वाढला तर दोर तुटतो, नलिकेत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती निकामी होते. शेंड्यावरील पाने जमिनीत पाणी भरपूर असतानाही तहानलेली असतात. २००४ साली जॉर्ज कॉख, स्टीफन सिलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोरांच्या साहाय्याने शेंड्यापर्यंत चढून ही मापे घेतली. त्यावरून झाडाच्या उंचीची मर्यादा १२२ ते १३० मीटरांच्या दरम्यान असावी, असा अंदाज त्यांनी मांडला. आभाळाला भिडणाऱ्या झाडालाही पाण्याच्या वजनापुढे नमावे लागते!

याचा पुरावा तुम्हाला पायवाटेवरच मिळेल. वाऱ्याने पडलेल्या डहाळ्या निरखून पाहा. खालच्या फांद्यांची पाने लांबट, चपटी आणि कंगव्यासारखी दोन्ही बाजूंना पसरलेली असतात. शेंड्याकडची पाने आखूड, जाड आणि खवल्यांसारखी दांड्याला चिकटलेली असतात. वर पाण्याची टंचाई असल्याने तेथील पाने मोठी होऊच शकत नाहीत. वहीत दोन्हींची चित्रे काढा, पण डहाळी खिशात घालू नका. उद्यानातील वस्तू उद्यानातच राहायला हव्यात.

बिस्किटाचा चुरा आणि एक पक्षी

आता अन्नाच्या डब्याविषयी. या जंगलात काळी अस्वले आहेत आणि त्यांचे नाक फार तीक्ष्ण असते. म्हणून सर्व अन्न, अगदी दात घासायची पेस्टसुद्धा, अस्वलाला उघडता न येणाऱ्या कडक गोल डब्यात ठेवायची आणि तो डबा रात्री तंबूपासून दूर ठेवायचा. पण अस्वलाहून मोठा धोका एका क्षुल्लक गोष्टीचा आहे. ती म्हणजे बिस्किटाचा चुरा!

मार्बल्ड मरलेट नावाचा कबुतरापेक्षाही लहान असा एक समुद्रपक्षी आहे. तो मासे पकडतो समुद्रात, पण अंडे घालतो जुन्या जंगलातील उंच झाडांच्या शेवाळलेल्या रुंद फांदीवर. घरटे असे बांधतच नाही. अंडेही एकच. त्याचे हे गुपित शास्त्रज्ञांना फार काळ उलगडले नव्हते. १९७४ साली कॅलिफोर्नियातील बिग बेसिन या उद्यानात झाडावर चढलेल्या एका कामगाराला फांदीवर त्याचे पिल्लू दिसले, तेव्हा कोठे पहिल्यांदा त्याचे घर कळले. १९९२ सालापासून अमेरिकेच्या या किनाऱ्यावर तो संकटग्रस्त म्हणून संरक्षित आहे.

याचा चुऱ्याशी काय संबंध? माणसाने सांडलेला चुरा खायला स्टेलर जे नावाचे निळे पक्षी आणि डोमकावळे तळावर गोळा होतात. आयते अन्न मिळाल्याने त्यांची संख्या वाढते. हेच पक्षी मग आसपासच्या झाडांवर हिंडताना मरलेटचे अंडे किंवा पिल्लू पळवतात. वर्षाला एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याला हे परवडणारे नाही. म्हणून रेडवुडच्या उद्यानांत 'एक कणही सांडू नका' अशी मोहीमच चालवली जाते. जेवणानंतर खाली वाकून कण वेचणारा मुलगा आपल्याला विचित्र वाटेल, पण तो शंभर फुटांवरच्या एका पिल्लाचे प्राण वाचवत असतो.

पायवाट का सोडायची नाही?

एवढ्या उंच झाडाची मुळे किती खोल असतील? तीस मीटर? पन्नास? नाही. ती बहुधा दोन ते चार मीटरच खोल जातात. त्यांना सोटमूळ नसते. ती आडवी तीस-तीस मीटरांपर्यंत पसरतात आणि शेजाऱ्यांच्या मुळांत गुंततात. हातात हात घालून उभ्या राहिलेल्या मुलांप्रमाणे ही झाडे वादळात एकमेकांना सावरतात.

जमिनीच्या एवढ्या जवळ असलेल्या मुळांना माणसाचे पाऊल फार जड जाते. वारंवार तुडवल्याने माती घट्ट होते, तिच्यातील हवेच्या पोकळ्या बुजतात, पाणी मुरत नाही आणि बारीक मुळे गुदमरतात. हायपेरियनचे हेच झाले. त्याची जागा गुप्त ठेवलेली होती, तिकडे जाणारी वाटही नव्हती. पण हौशी लोकांनी शोध लावला, झाडीतून नव्या वाटा पाडल्या, बुंध्याभोवतीचे नेचे तुडवून जमीन उघडी केली. अखेर २०२२ साली उद्यानाने तो भाग बंद केला. तेथे जाणाऱ्याला ५००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जे झाड वादळांना आणि वणव्यांना पुरून उरले, त्याला त्याच्या चाहत्यांपासूनच वाचवण्याची वेळ आली!

आग आणि राखेतील अंकुर

स्वयंपाकासाठी आपण लहान गॅसचा स्टोव्ह घेणार आहोत. कोरड्या दिवसांत शेकोटीवर बंदी येऊ शकते आणि ती पाळलीच पाहिजे. तसा रेडवुड आगीला सहजी हार जात नाही. त्याची साल तीस सेंटिमीटरपर्यंत जाड असते. तिच्यात टॅनिन भरपूर असते आणि चीडसारखी भडकणारी राळ नसते. पण प्रत्येक बळाला सीमा असते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला असलेले, १९०२ साली स्थापन झालेले बिग बेसिन हे कॅलिफोर्नियाचे सर्वांत जुने राज्य उद्यान आहे. डोंगरमाथ्यावरून निघून या उद्यानातून समुद्रापर्यंत जाणारी सुमारे ५० किलोमीटरची वाट तीन दिवसांच्या पदभ्रमणासाठी प्रसिद्ध होती. ऑगस्ट २०२० मध्ये विजा पडून वणवे लागले आणि या उद्यानाचा जवळजवळ सर्व भाग होरपळला. मुख्य कचेरी, तळ, पूल जळाले. उद्यान २०२२ साली अंशतः उघडले. जुन्या पुस्तकातील नकाशा घेऊन कोणी तेथे गेला असता, तर त्याला तळच सापडला नसता. निघण्यापूर्वी चौकशी का करायची, याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

पण गोष्ट येथे संपत नाही. काळ्या पडलेल्या खोडांवर काही महिन्यांतच हिरवी लव दिसू लागली. सालीखाली कित्येक वर्षे झोपलेले सुप्त अंकुर जागे झाले होते. पाने तर सगळी जळाली होती, मग अन्न आले कोठून? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, नव्या पालवीतील कार्बनचे वय तपासले गेले. तेव्हा दिसून आले की, झाडाने अनेक दशकांपूर्वी साठवून ठेवलेली शर्करा या वेळी वापरली होती. आजोबांनी ठेवलेली शिदोरी नातवाच्या उपयोगी पडावी, तसेच हे झाले.

आपण जिथे झोपणार, त्या जागेची कथा

रात्रीचा तंबू आपण राईत ठोकायचा नाही. उद्यानाच्या नियमानुसार तो ठरावीक भागात, ओढ्याच्या पात्रातील गोट्या-वाळूच्या उघड्या पट्ट्यावर, आणि उंच वृक्षांच्या राईपासून किमान चारशे मीटर दूर ठोकायचा. मुळांना धक्का नको, हे एक कारण. शिवाय पात्रातील गोट्यांवर तुडवले जाण्यासारखे फार काही नसते.

पण येथे इतके दगडगोटे आले कोठून? रेडवुडचे लाकूड टिकाऊ आणि सरळ. येथील मूळचे युरोक लोक त्याच्या फळ्यांची घरे बांधत आणि ओंडके कोरून होड्या करीत. पुढे आलेल्या लाकूड व्यापाराने मात्र अरण्यच कापून काढले. एकेकाळी सुमारे आठ लाख हेक्टरांवर असलेल्या प्राचीन रेडवुड अरण्यापैकी आज अवघे पाच टक्के उरले आहे. १९६३ साली नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीच्या पॉल झाल यांना रेडवुड क्रीकच्या काठी ११२ मीटर उंचीचे झाड आढळले. त्या वेळचे ते ज्ञात सर्वांत उंच झाड. त्याच्या प्रसिद्धीमुळे लोकमत जागे झाले आणि १९६८ साली राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले.

तरीही धोका टळला नाही. उद्यान होते ओढ्याच्या खालच्या बाजूला, आणि वरच्या बाजूच्या टेकड्यांवर तोड चालूच होती. उघड्या टेकड्यांवरील माती-दगड पावसात ओढ्यात उतरले. पात्र गाळाने वर उचलले गेले, काठ खचू लागले आणि खुद्द उंच वृक्षांची राई धोक्यात आली. झाडांना कुंपण घालून झाडे वाचत नाहीत, त्यांचे सारे पाणलोट क्षेत्र वाचवावे लागते, हा धडा त्यातून मिळाला. १९७८ साली उद्यानात आणखी सुमारे १९,४०० हेक्टर जमीन घेण्यात आली. त्यातील बरीचशी आधीच तोडलेली होती! तेथील लाकूडतोडीचे शेकडो किलोमीटर जुने रस्ते उखडून उतार पूर्ववत करण्याचे काम तेव्हापासून चालले आहे. १९८० साली युनेस्कोने या उद्यानाला जागतिक वारशाचा मान दिला. आपल्या पाठीखाली रात्री टोचणारे काही गोटे या साऱ्या इतिहासाचे साक्षीदार असतील.

तिसऱ्या दिवशी सॅक आवरताना ती हलकी लागेल, कारण अन्न संपलेले असेल. पण कचऱ्याची पिशवी मात्र भरलेली असली पाहिजे. नेलेली प्रत्येक पिशवी, प्रत्येक कागद परत आणायचा. तळावर मागे वळून पाहावे आणि काल येथे कोणी राहिले होते हे ओळखू येऊ नये, ही चांगल्या पदभ्रमणाची परीक्षा.

शाळेत करून पाहा

कॅलिफोर्नियाला जाणे सर्वांना शक्य होणार नाही, पण धुक्याचा पाऊस आपणही मोजू शकतो. दोन सारखी पसरट ताटे घ्या. धुके पडणाऱ्या पहाटे एक ताट उघड्यावर ठेवा. दुसऱ्या ताटावर सुरूच्या किंवा दुसऱ्या बारीक पानांच्या झाडाची फांदी टांगा. वारा लागेल अशी जागा निवडा. दोन तासांनी दोन्ही ताटांतील पाणी मोजपात्रात ओतून मोजा. मग सुरूऐवजी वडाच्या रुंद पानांची फांदी घेऊन प्रयोग पुन्हा करा. कोणत्या पानांनी अधिक पाणी पकडले? का बरे?

उत्तर शोधताना जुलैच्या त्या सकाळची आठवण ठेवा. आकाशातून पाऊस पडत नसताना ज्याने आपल्याला भिजवले, तो पाऊस झाडांनी स्वतः गोळा केलेला होता.